विधवेच्या टोल्या आणि ग्रीक शहरांचीं नाणीं

शास्त्रभाग : मार्क १२ : ४१–४४

या भागांत दरिद्री विधवेनें भांडारांत दोन टोल्या टाकल्याचें सांगून, त्यांची किंमत किती याचाहि खुलासा केला आहे. मूळांत टोलीला ‘लेप्टॉन’ हा ग्रीक शब्द आहे. खुलाशांतील ‘कोद्रांतेस’ हा मात्र रोमी लोकांचा. एकाच वचनांत दोन भाषांचीं नाणीं कां? वर्गास हा धडा शिकविणाऱ्यानें याचें कारण समजून घ्यावें.

पूर्वीं पुष्कळ स्वतंत्र ग्रीक शहरें आपलें नाणें पाडीत असत. मोठ्या व्यवहारास रुपें व बाजारहाटास कांसें. इ. स. पू. १६८ त पिद्नाच्या लढाईनें मासेदोनियाचें राज्य मोडलें; इ. स. पू. १४६ त रोमी सेनापति मुम्मियुस यानें करिंथ उध्वस्त केलें. पुढें हळूहळू बहुतेक शहरांचें रुपें बंद पडलें व रोमचा देनार चालूं लागला. परंतु कांशाचीं नाणीं शेंकडों शहरें पाडीतच राहिलीं.

याचें कारण सेस्तस शहरच्या लोकांनीं इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धांत एका शिलालेखांत कोरून ठेविलें आहे. शहराची स्वतःची मुद्रा चालावी हें एक, आणि नाण्यांपासून होणारा नफा लोकांच्या पदरीं पडावा हें दुसरें. कांशाचें नाणें धातूच्या किंमतीहून अधिक भावानें चाले. तोच हा नफा.

मुद्रेंत फरक पडलाच. पुष्कळ शहरांनीं नाण्यावर कैसराचें मस्तक घातलें. अथेनै शहरानें आपली अथेना देवीच ठेविली. यूलियुस कैसरानें इ. स. पू. ४४ त पुन्हां वसविलेल्या करिंथाच्या नाण्यांवर लातीन अक्षरें आलीं. खियास बेटांतील कांहीं नाण्यांवर ग्रीक ‘ओबोल’, तर कांहींवर रोमी ‘असारियन’ असें मूल्य कोरलेलें आढळतें. एकाच बाजारांत दोन हिशेब चालत ते असे.

रोमी हिशेब : २ लेप्टा म्हणजे १ कोद्रांतेस; ४ कोद्रांतेस म्हणजे १ असारियन; १६ असारिया म्हणजे १ देनार. मत्तय २० मधील मजुराची एका दिवसाची मजुरी एक देनार होती. म्हणजे विधवेचें दान त्या मजुरीचा ६४ वा भाग होय.

या दोन धातूंच्या मध्यें गरीब भरडला जाई. पर्गम येथील दुसऱ्या शतकांतील शिलालेखांत सराफांविषयीं गाऱ्हाणें आहे. देनार घ्यावयास आलेल्याकडून ते १८ असारिया घेत, व देनार मोडावयास आलेल्यास १७ च देत. दिवसभर चिल्लर जमविणाऱ्या लहान दुकानदारास हा बट्टा बसे. रुपें बाळगणारा श्रीमंत त्यांतून बहुधा सुटे.

तिसऱ्या शतकांत रोमच्या रुप्यांत हिणकस धातु वाढत गेली, व अखेर तें नांवाचेंच रुपें उरलें. तेव्हां शहरांस कांसें पाडणें परवडेना, आणि सुमारें इ. स. २७५ पर्यंत ही जुनी चाल संपली.

कैसराचें रुपें बुडालें, शहरांचें कांसेंहि थांबलें. परंतु त्या सर्वांत हलक्या दोन नाण्यांची नोंद राहिली. प्रभूनें नाण्याची किंमत पाहिली नाहीं. देणारीजवळ मागें काय उरलें तें पाहिलें.

प्रश्न : (१) सेस्तसच्या लोकांनीं कोणतीं दोन कारणें दिलीं? (२) एका देनारांत किती लेप्टा? (३) बट्टा कोणावर पडे, व कां?