पहिला मायक्रोकंट्रोलर कसा निवडावा?

धुलाई यंत्रात पाणी ठरावीक पातळीला येताच थांबते. अशा कामांमागे बहुधा मायक्रोकंट्रोलर असतो. प्रक्रियक, स्मृती आणि बाहेरच्या उपकरणांशी जोडणारी टोके एकाच चिपवर सामावलेला हा लहानसा संगणकच होय.

हे तंत्र स्वतःच्या बळावर शिकू पाहणाऱ्यापुढे पहिला प्रश्न खर्चाचा असतो. सुटी चिप अल्प किमतीत मिळते. परंतु तेवढ्याने भागत नाही. तिला योग्य विद्युतदाब पुरवावा लागतो आणि प्रोग्रॅम चिपमध्ये उतरवण्यासाठी बहुधा 'प्रोग्रॅमर' हे वेगळे उपकरण घ्यावे लागते. म्हणून तुलना चिपच्या किमतीची नव्हे, तर पहिला दिवा लागेपर्यंतच्या एकूण खर्चाची करावी.

ही अडचण दूर करण्यासाठी २००५ साली इटलीतील इव्रेआ या गावी विद्यार्थ्यांकरिता आर्डुइनो हा बोर्ड तयार झाला. त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला असल्याने इतर उत्पादकही तसेच बोर्ड स्वस्तात बनवतात. २०१० मध्ये आलेल्या 'उनो' बोर्डावर प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट स्मृती आहे. तो यूएसबी केबलने थेट संगणकाला जोडता येतो. प्रोग्रॅम लिहिण्याचे सॉफ्टवेअरही विनामूल्य आहे. खोबणीत चिप बसवलेला प्रकार घेतल्यास, चिप जळाली तरी तेवढीच बदलता येते.

२०२१ मध्ये रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड अवघ्या ४ डॉलरना बाजारात आला. त्याची कार्यस्मृती २६४ किलोबाइट आहे. उनोची केवळ २ किलोबाइट. मात्र पिकोची टोके ३.३ व्होल्टची आहेत. त्यांना ५ व्होल्ट दिल्यास चिप निकामी होऊ शकते आणि ती बोर्डावरच डाख दिलेली असल्याने सहज बदलता येत नाही. चुकतमाकत शिकणाऱ्यास म्हणूनच खोबणीचा उनो अधिक सोयीचा ठरतो. स्मृतीची गरज वाढल्यावर पिकोकडे वळावे.

बोर्ड सांभाळणे हीदेखील बचतच आहे. उनोच्या टोकाला एलईडी जोडताना २२० ओहमचा रोधक मध्ये घालावा. ५ व्होल्टपैकी सुमारे २ व्होल्ट एलईडीवर पडतात; उरलेल्या ३ व्होल्टला २२० ने भागता प्रवाह सुमारे १४ मिलिअँपिअर येतो. टोकाला तो सोसतो. मोटर मात्र टोकाला थेट कधीही जोडू नये.

स्वाध्याय
१. सुटी चिप स्वस्त असूनही नवशिक्यास महाग का पडते?
२. रोधक ३३० ओहमचा घेतल्यास प्रवाह किती येईल?