धुऱ्यापर्यंतचा खर्च

पुसदला सेंद्रिय गटांची अंतर्गत तपासणी आणि दप्तर सांभाळायचं काम घेतलं (प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संस्था देते), तेव्हा खर्च म्हणजे दुकानभाडं आणि संगणक, एवढंच मनात होतं.

१. सगळ्यात जास्त पैसा जातो तो फिरण्यात. गटात किमान २५ शेतकरी लागतात आणि प्रत्येकाच्या वावरात वर्षातून दोनदा जावं लागतं. माळपठारावर एकाच गावची वावरं चार दिशांना. पेट्रोल, तपासनिसाचा रोज, दुपारचं जेवण हे धरलं होतं. शेतकरी नेमका बाजाराला गेला की तीच फेरी पुन्हा पडते, ती मात्र पहिली दोन वर्षं दरात धरलीच नव्हती.

२. हळदीचा एक नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा तर पिशवी, लाख, चिठ्ठी, कुरिअर आणि वर तपासणीचे काही हजार. एकदा नमुन्यात कीटकनाशकाचा अंश निघाला. आमच्या शेतकऱ्याने काहीच फवारलं नव्हतं. शेजारच्या सोयाबीनवरची फवारणी वाऱ्याने आली होती. फेरतपासणीचे पैसे त्याच्याकडे मागायला माझी जीभ रेटेना. आता मी ही रक्कम गटाशी आधीच बोलून बाजूला ठेवतो.

३. पैसा उशिरा येतो. हंगामी पिकाला रूपांतराची २ वर्षं, बहुवार्षिक फळबागेला ३. तोवर मालाला सेंद्रियचा भाव नाही, खर्च मात्र पहिल्या दिवसापासून. शेतकरी थांबतो, म्हणून मलाही थांबावं लागतं.

४. एका हंगामात पेट्रोल वाचवायला मी चार वावरं रस्त्यावरूनच पाहिली आणि तक्ता भरला. त्यातल्या एका आजीने पुढच्या भेटीत विचारलं, "भाऊ, तुम्ही धुऱ्यापर्यंत आलेच नाही ना? तिकडून वरच्याचं पाणी आमच्या वावरात उतरते." मला उत्तर देता आलं नाही. तिच्यामागून पऱ्हाटीतून चालत गेलो. पाणी अडवायला तिने स्वतः कुदळीने चर खणला होता, गुडघाभर खोल. माझ्या तक्त्यात त्या चराची नोंदच नव्हती. तिथेच बसून तिचा नकाशा नव्याने काढला आणि बाकीच्या तीन वावरांकडे निघालो.