टस्कीगीच्या विटा

मित्रांनो, प्रेक्षणीय स्थळे म्हटली की आपल्याला किल्ले, लेणी आणि देवळे आठवतात. मी आज ज्या स्थळांची माहिती देणार आहे, तिथे मुख्य पाहायचे म्हणजे एक शाळा. तिच्या पुष्कळशा इमारती तिथल्या मुलांनीच बांधल्या आहेत.

आमच्या वर्गाच्या पेटीत मला वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक मिळाले. कार्व्हर जिथे शिकवत ते टस्कीगी गाव कुठे आहे, असे मी गुरुजींना विचारले. त्यांनी नकाशा काढला. अमेरिकेच्या दक्षिण भागात अलाबामा राज्य आहे. त्यात मेकन नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग; पण वस्ती अगदी थोडी. २०२० च्या जनगणनेत तिथे १९,५३२ माणसे होती. टस्कीगी हे तिथले मुख्य ठिकाण.

पूर्वी या भागात कापसाचे मोठे मळे होते. त्यांत काळ्या लोकांना गुलाम म्हणून राबवीत. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. पण त्या लोकांजवळ ना जमीन होती, ना शिक्षण. ४ जुलै १८८१ रोजी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी इथे शाळा सुरू केली. ते स्वतः गुलामगिरीत जन्मलेले. सुरुवातीला ३० विद्यार्थी आणि एक पडकी खोली. पाऊस आला की छप्पर गळायचं. मग एक मुलगा उठून गुरुजींच्या डोक्यावर छत्री धरायचा आणि ते शिकवीत राहायचे!

पुढे त्यांनी १०० एकरांचा एक जुना मळा घेतला. तबेला आणि कोंबड्यांचे खुराडे साफ करून त्यांत वर्ग भरवले. नव्या इमारतीसाठी विटा हव्या होत्या, म्हणून मुलांनाच विटा पाडायला लावले. चिखलात उभे राहून काम करणे मुलांना आवडेना. काही जण शाळा सोडूनही गेले. पहिल्या भट्टीत सुमारे २५,००० विटा लावल्या, ती फसली. दुसरी फसली. तिसरी आता होणार असे वाटत असताना मध्यरात्री ढासळली.

इथे मी एक गोष्ट सांगतो. माझे वडील वीटभट्टीवर कामाला जातात. वर्गात हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पुस्तकातली ही हकिकत मी त्यांना वाचून दाखवली. तेव्हा आबा म्हणाले, "अरे, भट्टी रचणं म्हणजे खेळ नव्हं. जाळ सगळीकडं सारखा फिराया पायजे. त्यांना शिकवायला जाणता माणूस नसंल." मग त्यांनी विचारलं, "चौथी लावली का न्हाई?"

लावली! वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ १५ डॉलरला गहाण ठेवले आणि चौथी भट्टी लावली. ती साधली. १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात ते लिहितात की, एका हंगामात मुलांनी बारा लाख विटा पाडल्या. आसपासचे गोरे लोकही त्या विकत नेऊ लागले. घड्याळ मात्र परत मिळाले नाही.

आता तिथली स्थळे पाहू.

१) द ओक्स : वॉशिंग्टन यांचे घर. १८९९ साली मुलांनी पाडलेल्या विटांनी बांधलेले.

२) कार्व्हर संग्रहालय : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ साली इथे आले. कापसाने जमिनीचा कस गेला होता. भुईमूग आणि चवळी लावून तो परत आणा, असे त्यांनी शेतकऱ्यांना शिकवले. १९०६ पासून शेतीची अवजारे भरलेली गाडी खेडोपाडी जाऊ लागली. १९४३ मध्ये ते वारले. शाळेचा हा परिसर १९७४ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

३) मोटन फील्ड : दुसऱ्या महायुद्धात काळ्या वैमानिकांनी जिथे विमान चालवण्याचे पहिले धडे घेतले ते मैदान. काळ्या माणसाला विमान जमणार नाही, असे तेव्हा पुष्कळ जण म्हणत. टस्कीगीहून सुमारे १,००० वैमानिक तयार झाले. हे स्थळ १९९८ मध्ये राष्ट्रीय म्हणून जाहीर झाले.

४) टस्कीगीचे जंगल : सुमारे ११,००० एकर. धूप होऊन निकामी झालेल्या शेतांवर पुन्हा झाडे वाढवली. १९५९ पासून ते राष्ट्रीय वन आहे.

पाहा, यांतले काहीही राजाने बांधलेले नाही. ज्यांना लोक कमी लेखत, त्यांच्याच हातांनी हे उभे राहिले. म्हणूनच ते आज दुरून दुरून लोक पाहायला येतात.

मित्रांनो, आपल्या शाळेच्या भिंतींच्या विटा कुणी पाडल्या, कुणी रचल्या, हे आपल्याला ठाऊक आहे का? येत्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या घरी विचारून यावे. त्या माणसांची नावे पुढच्या अंकात लिहू. आलेल्या पालकांनीही सांगावे. पहिले नाव मी आणले आहे. आमच्या वर्गाच्या खोलीच्या विटा आबांच्या भट्टीवरच्या आहेत.