जुनी जीप व मार्केट यार्डाची खेप

पुरंदर तालुक्यातील अंजीर, सीताफळ व वाटाणा पुण्यास गुलटेकडीच्या मार्केट यार्डात नेण्यासाठी काही बागाईतदार घरची जुनी फोर-व्हील जीप, एम. एम. ५४० किंवा तत्सम, वापरितात. गाडी घरची, तेव्हा वाहतूक फुकट, हा समज आमच्या मते घातक होय. टेंपोचे भाडे रोख मोजावे लागते म्हणून डोळ्यांस दिसते; जीपचा खर्च दिसत नाही, एवढाच काय तो भेद.

प्रथम डिझेल पाहू. टाकी काठोकाठ भरून किलोमीटरचा आकडा टिपावा. चार खेपांनंतर ती पुन्हा तशीच भरावी, व जितके लिटर बसले तितक्यांनी अंतरास भागावे. मूळच्याहून मोठे टायर बसविले असल्यास मीटर खऱ्याहून कमी अंतर दाखवितो, हे ध्यानी असावे.

समजा, सासवडच्या पलीकडील गावाहून जाऊन येऊन ८० किलोमीटर पडतात, व डिझेल ९० रुपये लिटर आहे. जीप लिटरास ८ किलोमीटर चालली तर खेपेस ९०० रुपये, १० चालली तर ७२० रुपये लागतील. ५ क्विंटल मालावर हा बोजा क्विंटलमागे अनुक्रमे १८० व १४४ रुपये येतो. परंतु तीच चांगली चालणारी जीप अडीच क्विंटलच घेऊन गेली, तर क्विंटलमागे २८८ रुपये पडतात. म्हणजे इंजिनाच्या दुरुस्तीने ३६ रुपये वाचतात, आणि अर्धी रिकामी गाडी १४४ रुपये खाते!

पुढील चाकांचा जोर चिखलापुरताच लावावा. तो लावला असता पुढचा व मागचा आस एकमेकांस जखडले जातात. डांबरी वळणावर मात्र दोहोंस निरनिराळे अंतर कापावयाचे असते. मग टायर घासतात, गिअरांवर ताण येतो व डिझेलही अधिक जळते.

डिझेल वाचावे म्हणून दिवे घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हा तर शुद्ध वेडेपणा होय. खालच्या गिअरात उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच पंप डिझेल जवळजवळ तोडतो. न्यूट्रलमध्ये इंजिन मंद चालून डिझेल पीतच राहते, व सारा भार ब्रेकांवर पडतो.

याखेरीज विमा, टायर, ऑइल, तसेच १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी येणारे नोंदणीचे नूतनीकरण व पर्यावरण कर, ही सारी रक्कम वर्षाच्या खेपांवर वाटावी. ३० खेपा करणाऱ्यास ती जड जाते, १०० करणाऱ्यास हलकी.

ही बेरीज करून टेंपोवाला क्विंटलमागे जो दर सांगेल त्याच्याशी ताडून पाहावी. माल थोडा असेल तेव्हा मळ्यापासून सडकेपर्यंत चिखलातून तो जीपने आणावा, व पुढे शेजाऱ्यांच्या मालासह टेंपोने धाडावा. पाच क्विंटल भरतील त्या दिवशी जीप खुशाल गुलटेकडीस न्यावी.