साहेबांची फाईल आणि आपली वही

कामाच्या ठिकाणची आक्रमकता हात उगारण्याच्या फार आधी सुरू होते. चारचौघांत पाणउतारा, रजा अडवणे, मुद्दाम अशक्य काम लादणे, बैठकीला न बोलावणे ही तिची रोजची रूपे. स्वीडनमध्ये हाइन्झ लेमन यांनी 1980च्या दशकात तिचा अभ्यास केला. आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने चाललेला त्रास, ही त्यांनी धरलेली मर्यादा.

भुसावळात रेल्वेच्या कायम कर्मचाऱ्याला 1968च्या शिस्त व अपील नियमांचा आधार आहे; शिक्षेविरुद्ध 45 दिवसांत अपील करता येते. कंत्राटी कामगाराला किंवा खासगी कार्यालयातल्या कारकुनाला तोही नाही. ‘उद्यापासून येऊ नको’ एवढ्यावर त्याची नोकरी संपते.

प्रस्तुत लेखक अशाच एका खासगी कार्यालयात होता. हिशेबातली तफावत दाखवल्यावर साहेबांचा सूर फिरला. भर मे महिन्यात टेबल पत्र्याच्या गोदामात गेले. आरडाओरडा नेमका चहाच्या वेळी, सगळे हजर असताना. तक्रार वर नेली तेव्हा मालकांनी एक फाईल उघडली. ‘कामचुकार’, ‘उद्धट’, ‘सांगूनही सुधारणा नाही’. प्रत्येक शेऱ्याखाली तारीख आणि साहेबांची सही. यातला एकही कागद संबंधिताला कधी दिला नव्हता. दिवसा तोंडाला येईल ते बोलणारा माणूस नंतर शांतपणे बसून पुरावा रचत होता. या वागण्याला रागीट स्वभाव म्हणणे ही त्याला दिलेली सूट आहे. शेजारच्या टेबलांवर मात्र कोणी काहीच ऐकले नव्हते.

अशाने झोप उडते, रक्तदाब आणि पित्त वाढते, चिडचिड घरी पोरांवर निघते. पाहणारे सहकारीही धास्तावतात. टोक किती भीषण असते ते मेळघाटात दिसले. हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी 25 मार्च 2021 रोजी आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी वरिष्ठांकडून झालेल्या छळाबद्दल लिहिले होते. गणवेशातल्या अधिकाऱ्याची ही गत, तर रोजंदारीवरच्याचे काय?

कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धचा 2013चा कायदा महिलांच्या लैंगिक छळापुरता आहे. इतर मानसिक छळासाठी स्वतंत्र कायदा नाही, म्हणून कागद आपल्याकडेच हवा. घडले त्याच दिवशी वहीत तारीख, वेळ, नेमके शब्द आणि हजर असलेल्यांची नावे लिहावीत. तोंडी हुकूम मिळाला की ‘आपण सांगितल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून संदेश पाठवावा. अर्ज दोन प्रतींत द्यावा. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. मेमोवर सही मागितली तर ‘प्रत मिळाली, मजकूर अमान्य’ असे लिहूनच करावी. डॉक्टरांना नोकरीतला त्रास सांगून केसपेपरवर त्याची नोंद करून घ्यावी. राजीनामा द्यावाच लागला तर त्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहू नये. साहेबांना हवे असते ते तेवढेच. व्यायाम, वेळेवर जेवण, मित्रांशी बोलणे हेही सांभाळावे.

मन फारच खचले तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर फोन करावा. ही सरकारी सेवा मोफत असून तिथे मराठीत बोलता येते.