दुर्मिळ आडनावाचं मूळ शोधा, वडवणीतूनच!

आडनाव सांगितलं की समोरचा "पुन्हा सांगा" म्हणतो? चला, मूळ शोधूच. ‘उपळीकर’ हे नाव उदाहरणाला घेऊ. वही उघडा. क्रम मात्र मोडू नका.

1. थोरल्या आत्याला विचारा: कुलदैवत कुठलं, जुनी भावकी कुठली? ऐकाल तसंच लिहा, दुरुस्त्या नकोत.

2. आजोबांच्या शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा मागा. आडनावाचा रकाना कोरा निघाला तरी हरकत नाही. पणजोबांचं नाव तेवढं टिपा, पुढे तेच लागणार आहे.

3. तहसीलच्या अभिलेख कक्षात 1954-55 चं खासरा पत्रक मागा. वडवणीत नाही मिळालं तर माजलगावला विचारा.

4. कागदावर फसली सन असेल तर इसवी सनासाठी 590 मिळवा. फसली 1350 म्हणजे 1940-41.

5. उर्दू किंवा मोडी कागद जाणकाराकडून वाचून घ्या. सांभाळा! उर्दूत ‘ळ’ नाही, त्यामुळे उपळीकरांचे ‘उपलीकर’ होतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो.

6. नावाची सगळी रूपं एकाखाली एक लिहा. ‘उपळेकर’ त्यात घालू नका. उपळे हे बार्शीकडचं वेगळं गाव.

7. आता ‘कर’ बाजूला काढा, राहिलं ते गाव नकाशावर शोधा. उपळी वडवणी तालुक्यात आहे, तशी सिल्लोड तालुक्यातही आहे. आत्याने सांगितलेल्या भावकीशी कोणती जुळते ते बघा.

8. त्या गावी जाऊन पणजोबांचं नाव विचारा. बहुतेकांची गाडी इथेच अडते: ते उपळीत ‘उपळीकर’ शोधत बसतात. अहो, गावात राहणाऱ्याला त्या गावाचं ‘कर’ सहसा लागत नाही. गाव सोडून दुसरीकडे वस्ती केली की तिथले लोक लावतात. तुमची भावकी उपळीत वेगळ्याच आडनावाने नांदत असेल. पणजोबांचं नाव आणि कुलदैवत, दोन्ही जुळली तरच नातं धरा.

9. आता नाव किती दुर्मिळ आहे ते पाहू. माजलगाव विधानसभा मतदारसंघाच्या मतदारयाद्या उतरवून घ्या. वडवणी त्यातच येतं.

10. सहाव्या पायरीतलं प्रत्येक रूप यादीत डोळ्यांनी शोधा. संगणकाचा शोध मराठी यादीत नावं गाळतो.

11. मतदार नव्हे, घरं मोजा. चार घरं सापडली तर वहीत ‘माजलगाव मतदारसंघात चार’ असंच लिहा. पुण्या-मुंबईला गेलेली घरं या यादीत नसतात.