पाणी कशाने बाटते? : पाणगोगलगायींच्या संगोपनाचा एक पाठ

शाळेत काचेची टाकी आली की तीत रंगीत मासे सोडण्याची घाई होते. मासा डोळ्यांत भरतो. तळाशी सरपटणारी गोगलगाय कोणाच्या खिजगणतीत नसते. परंतु पाण्याविषयी काही शिकावयाचे असेल, तर गोगलगायीसारखा शिक्षक नाही, असे आम्हांस वाटते. इतिहास शिकविणाऱ्याने जीवशास्त्राच्या प्रांतात शिरावे, हे काहींना खटकेल. पण ज्या समाजाचा अर्वाचीन इतिहास एका तळ्याच्या काठी घडला, त्या समाजाच्या मुलांनी पाण्याचा इतिहास आणि पाण्याचे विज्ञान ही दोन्ही एकत्रच वाचली पाहिजेत.

प्रथम ओळख करून घेऊ. 2022 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीनची कोवळी रोपे फस्त करणारी शंखी गोगलगाय ही जमिनीवरची. तिचा येथे विचार नाही. आपल्या तळ्यांत व ओढ्यांत आढळणाऱ्या गोगलगायींचे ढोबळ मानाने दोन गट करता येतात. पहिल्या गटातील गोगलगायींच्या शंखाला झाकण असते. पायला ही मोठी, गोल गोगलगाय व बेलामिया ही पट्टेदार, निमुळती गोगलगाय या गटातल्या. बेलामिया कल्ल्यांनी श्वास घेते. पायलाला कल्ला व फुप्फुस दोन्ही असतात. उन्हाळ्यात तळे आटले की झाकण घट्ट मिटून ती चिखलात पडून राहते व पावसाची वाट पाहते. दुसऱ्या गटाला झाकण नसते आणि त्यातील बहुतेक फुप्फुसाने श्वास घेतात. टोकदार शंखाची लिम्निया व चकलीच्या वेटोळ्यासारखी चपटी इंडोप्लॅनॉर्बिस या त्यांतल्या. श्वासासाठी या वारंवार पृष्ठभागावर येतात. पहिल्या गटातील या दोघींमध्ये नर व मादी वेगळे असतात. दुसऱ्या गटात एकाच जीवात दोन्ही असतात. बेलामिया जिवंत पिल्ले देते, पायला पाण्याबाहेर काठाच्या ओल्या मातीत अंडी घालते, तर लिम्निया पानांच्या खालच्या बाजूस पारदर्शक चिकट पुंजके चिकटविते. एवढे तीन प्रकार भिंगाखाली पाहिले, तरी निसर्ग एकाच साच्यात काम करीत नाही हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

आता टाकीविषयी. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत सुमारे 50 लिटर पाणी मावते. आरंभास ती पुरेशी आहे. तळाशी धुतलेली वाळू घालावी व काही पाणवनस्पती लावाव्यात. नळाचे पाणी निदान एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून, त्यातील क्लोरीन उडून गेल्यावरच वापरावे. टाकी काठोकाठ भरू नये व वर जाळीचे झाकण ठेवावे, कारण गोगलगायी रात्री काच चढून बाहेर पडतात. शंख चुन्याचा बनलेला असतो. दख्खनच्या काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणी बहुधा जड असते, त्यामुळे तेथे शंखाला चुना मिळतो. कोकणच्या जांभा दगडातील पाणी मऊ असते. अशा पाण्यात शंख झिजतो, त्यावर पांढुरके खड्डे पडतात. तेथे अंड्याची स्वच्छ टरफले किंवा चुनखडीचा खडा टाकीत ठेवावा.

गोगलगाय टाकी स्वच्छ ठेवते, हा समज अर्धाच खरा आहे. ती शेवाळ व कुजकी पाने खाते. पण तिची विष्ठा त्याच पाण्यात पडते. म्हणून दर आठवड्यास सुमारे चौथा हिस्सा पाणी बदलावे लागतेच. उकडलेल्या पालकाचे पान किंवा काकडीची चकती पुरते. उरलेले दुसऱ्या दिवशी काढून टाकावे. झाकण नसलेल्या गोगलगायी भराभर वाढल्या, तर आपण खाद्य जास्त घालतो असे समजावे. हात आखडला की संख्या आपोआप आटोक्यात येते, त्यासाठी विष लागत नाही. मोरचूद तर टाकीच्या आसपासही नको. तांबे गोगलगायींना घातक असते. ज्या तांब्याच्या हंड्यातील पाणी घरोघरी शुद्ध मानतात, ते त्यांच्या जिवावर बेतू शकते. गोगलगायी तळ सोडून काठाशी गोळा होऊ लागल्या किंवा पाण्याला वास येऊ लागला, तर पाणी बिघडले आहे. एखादी मेली असेल तर तत्काळ काढावी, अन्यथा ती कुजून इतरांचाही घात होतो.

येथे एक गंभीर सूचना. जनावरे उतरतात त्या तळ्यातून गोगलगायी हाताने उचलून आणू नयेत. बाधित गुराच्या शेणातून यकृतातील पर्णकृमीची अंडी पाण्यात येतात, त्यांतील जीव लिम्नियाच्या शरीरात वाढतात, नंतर बाहेर पडून गवताला चिकटतात आणि तेथून गाई-म्हशी, शेळ्यांच्या यकृतात शिरतात. मनुष्यही सुटलेला नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी लोकांच्या लघवीतून रक्त जात असे. 1952 साली गाडगीळ व शाह यांनी तेथील शिस्टोसोमा कृमीची नोंद केली. फेरिसिया ही लहानशी पाणगोगलगाय त्याची वाहक मानली गेली. रोग्याची लघवी पाण्यात, पाण्यातून गोगलगायीत, तेथून पुन्हा पाण्यात उतरणाऱ्याच्या त्वचेत, असे हे चक्र. कारण असेल तर कार्य घडते, कारण नाहीसे केले तर कार्य थांबते. तथागतांच्या प्रतीत्यसमुत्पादाचे याहून सोपे उदाहरण आम्हांस वर्गात सापडलेले नाही. उपायही त्यातूनच निघतो. आणलेली लिम्निया वेगळ्या भांड्यात ठेवावी, तिने घातलेले अंड्यांचे पुंजके पानासह उचलून स्वच्छ टाकीत सोडावेत. अंड्यांतून कृमी पुढच्या पिढीत जात नाहीत. साधारण दोन आठवड्यांत निर्दोष पिल्ले मिळतात. जाळी वापरावी आणि काम संपताच साबणाने हात धुवावेत.

आता महाडकडे वळू. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळाने संमत केला. तरीही चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी व त्यांच्यामागून हजारो सत्याग्रहींनी ते पाणी प्राशन केले. त्यानंतर तळे ‘बाटले’ म्हणून शेण, गोमूत्र, दूध व दही यांच्या घागरी तळ्यात ओतून ‘शुद्धी’ करण्यात आली. दहा वर्षांच्या न्यायालयीन लढ्यानंतर 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. टाकी सांभाळणाऱ्या मुलाने ही हकिगत पुन्हा वाचावी. माणसाच्या ओंजळीने पाण्यात काहीही बिघडत नाही. शेण, दूध, दही कुजताना मात्र पाण्यातील प्राणवायू खातात, आणि शेणातून कृमीही येतात. म्हणजे ज्याला विटाळ म्हटले गेले तो निरुपद्रवी होता, आणि ज्याला शुद्धी म्हटले गेले तीच पाण्याची खरी नासाडी होती. आमच्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः पाहा. दोन बरण्या घ्या. एकीतील पाण्यात वर्गातील प्रत्येकाने धुतलेला हात बुडवावा, दुसरीत चिमूटभर शेण टाकावे. चार दिवसांनी दोन्हींचा वास घ्यावा. या प्रयोगात गोगलगाय मात्र घालू नये; सत्य कळण्यासाठी जीव घ्यावा लागत नाही.

भिक्खूंच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र आहे. आपल्या घोटाबरोबर सूक्ष्म जीव मरू नये, हा त्यामागील विचार. तोच विचार टाकीलाही लागू होतो: सांभाळता येतील तेवढेच जीव ठेवावेत. कंटाळा आला म्हणून विकत आणलेल्या गोगलगायी ओढ्यात सोडणे ही करुणा नव्हे. दक्षिण अमेरिकेतील सोनेरी गोगलगाय 1980 च्या सुमारास खाण्यासाठी तैवानमध्ये आणली गेली; ती शेतांत पसरली आणि पुढे फिलिपिन्सपर्यंतच्या भातशेतीचे तिने अतोनात नुकसान केले. जास्त झालेल्या गोगलगायी दुसऱ्या शाळेच्या टाकीला द्याव्यात.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या पूर्वजांनी पाण्यावरील हक्क मिळविला. त्या हक्काची दुसरी बाजू म्हणजे पाण्याची राखण, आणि ती आता आपल्याकडे आली आहे. टाकीशेजारी एक वही ठेवा. रोज पाण्याचा रंग, वास, गोगलगायींची संख्या व अंड्यांचे पुंजके यांची नोंद करा. वर्षभर अशी वही लिहिणारा विद्यार्थी गावी जाईल तेव्हा तेथील तळ्याकाठी थांबेल, वाकून पाहील आणि या पाण्यात काय पडते, असा प्रश्न विचारील. त्या पाण्याला कोणाचा हात लागतो, हे विचारण्याची गरज त्याला भासणार नाही.